लॅपटॉप झोपेतून उठला आणि कोसळला : लिनक्सच्या कर्नलमधला तो बग नेमका काय होता?

विरारहून सकाळची चर्चगेट फास्ट पकडणाऱ्यांकडे बघा. लॅपटॉपची बॅग पाठीवरून पोटावर घेतलेली माणसं प्रत्येक डब्यात दिसतात. यातले किती जण घरून निघताना लॅपटॉप रीतसर शटडाऊन करत असतील? फारच थोडे. बहुतेक जण स्क्रीन मिटतात आणि निघतात. लॅपटॉप 'स्लीप'मध्ये जातो. ६० किलोमीटरचा प्रवास करून ऑफिसात पोहोचलं की स्क्रीन उघडायची, सगळं जिथल्या तिथे.

पण या 'जिथल्या तिथे'मागे बरीच उठाठेव असते. झोपेतून उठताना कॉम्प्युटरला शेकडो बारीकसारीक गोष्टी पुन्हा जागेवर लावाव्या लागतात. त्यातली एक राहिली तर? २०१३ मध्ये लिनक्सबाबत अगदी हेच घडलं. लॅपटॉप झोपायचा, नीट उठायचा, कामही करायचा. मात्र प्रोसेसरचा वेग मोजणारं एक साधन चालू केलं की अख्खी सिस्टिम कोसळायची. तीही दरवेळी नाही, फक्त कधी कधी.

हा बग समजून घेण्यासाठी कोडिंग यायची गरज नाही. आणि तो समजला की तुमचा स्वतःचा लॅपटॉप अचानक बंद पडतो तेव्हा काय करायचं, हेही कळतं.

कर्नल म्हणजे काय?

विंडोज असो, लिनक्स असो की अँड्रॉइड, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात एक प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात. कुठल्या ॲपला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ वापरू द्यायचा, कीबोर्ड, डिस्क, वायफाय यांच्याशी कोण बोलणार, हे सगळं कर्नल ठरवतो.

साधं ॲप चुकलं तर कर्नल त्याला बाहेर काढतो. व्हॉट्सॲप बंद पडलं तरी फोन चालू राहतो तो यामुळेच. पण खुद्द कर्नल चुकला तर त्याला सावरायला वर कुणीच नसतं. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणून सिस्टिम स्वतःच थांबते. विंडोजमध्ये तेव्हा बरीच वर्षं निळी स्क्रीन येत आली. लिनक्समध्ये याला 'कर्नल पॅनिक' म्हणतात. चूक त्याहून थोडी सौम्य असेल तर 'ऊप्स' नावाचा संदेश नोंदवून लिनक्स पुढे चालत राहायचा प्रयत्न करतो.

तुम्ही अँड्रॉइड फोन वापरत असाल तर तुमच्या खिशातही लिनक्सचाच कर्नल आहे.

प्रोसेसरच्या आत मीटर असतो, हे माहीत आहे का?

घराबाहेर महावितरणचा मीटर असतो, तसे आजच्या प्रोसेसरच्या आतही मीटर असतात. किती सूचना पूर्ण झाल्या, हवी ती माहिती जवळच्या मेमरीत न सापडल्याने किती वेळा लांब जावं लागलं, पुढचा अंदाज किती वेळा चुकला, हे सगळं ते मोजतात. त्यांना परफॉर्मन्स काउंटर म्हणतात आणि हे काम करणाऱ्या भागाला परफॉर्मन्स मॉनिटरिंग युनिट.

एखादं ॲप हळू चालतंय, पण का, हे शोधायला डेव्हलपर हेच मीटर वाचतात. लिनक्समध्ये त्यासाठी 'पर्फ' नावाचं साधन आहे. ते २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत आलं. मोठमोठ्या वेबसाइट, बँकांचे सर्व्हर, हवामानाचं गणित करणारे सुपरकॉम्प्युटर, सगळीकडे 'कुठे वेळ जातोय' हा प्रश्न याच मार्गाने सोडवला जातो.

पण नुसता आकडा मोजून भागत नाही. प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर वेळ जातोय, तेही कळायला हवं. त्यासाठी साधी पद्धत अशी : मीटर ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचला की तो कर्नलला हाक मारतो, आणि प्रोग्रॅम त्या क्षणी कुठे आहे हे कर्नल टिपून ठेवतो.

यात एक गोची आहे. फास्ट लोकलमध्ये कुणी 'नायगाव आलं बघ' म्हणून हाक मारली आणि तुम्ही मोबाइलमधून मान वर केली, तोवर नायगाव मागे पडलेलं असतं. प्रोसेसरचंही तसंच होतं. हाक ऐकून कर्नल बघेपर्यंत प्रोग्रॅम काही पावलं पुढे निघून गेलेला असतो आणि नोंद भलत्याच ओळीची होते.

यावर इंटेलने हार्डवेअरमध्येच उपाय दिला. त्याला 'पेब्स' म्हणतात. यात कर्नलची वाट न बघता प्रोसेसर स्वतःच, घटना घडते तिथल्या तिथे, मेमरीतल्या एका ठरलेल्या जागेत नोंद लिहून टाकतो. थोडक्यात, प्रोसेसरच्या हातात वही दिली आणि सांगितलं, 'तूच लिही.'

आता ही वही कुठे ठेवली आहे, हे प्रोसेसरला कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक कोरमध्ये एक छोटी खास जागा असते, तिला रजिस्टर म्हणतात. वहीचा पत्ता कर्नल या रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. या रजिस्टरचं नाव 'डीएस एरिया'. आपल्या बगची सगळी गोष्ट या एका पत्त्याभोवती फिरते.

मग चुकलं कुठे?

लॅपटॉप स्लीपमध्ये जातो तेव्हा बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसरची वीज तोडली जाते. मेमरीला मात्र थोडी वीज मिळत राहते, म्हणून तुमची उघडी कागदपत्रं आणि टॅब जिवंत राहतात. पण प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं सगळं पुसलं जातं. वहीचा पत्ताही पुसला जातो आणि तिथे उरतो शून्य.

उठल्यावर कर्नलने तो पत्ता पुन्हा लिहायला हवा. तसं लिहिणारा कोड लिनक्समध्ये होताच. गंमत अशी की तो सगळ्या कोरसाठी चालायचा, फक्त एक सोडून.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली भागात छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. अशा एखाद्या गाळ्याची कल्पना करा. संध्याकाळी कामगार एकेक करून निघतात. सुपरवायझर सगळ्यात शेवटी बाहेर पडतो आणि शटर ओढतो. सकाळी शटर तोच उघडतो. मग कामगार येतात, दारावर त्यांची हजेरी लागते आणि हजेरी लागली की प्रत्येकाच्या हातात त्या दिवसाची कामाची वही दिली जाते. नियम चोख आहे : दारावर हजेरी लागली की वही मिळते.

पण सुपरवायझरची हजेरी दारावर लागतच नाही. दार त्यानेच उघडलेलं असतं! त्यामुळे त्याला वही कुणी देतच नाही. दिवसभर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याला वहीत काही लिहायची वेळ क्वचितच येते. ज्या दिवशी येते, त्या दिवशी घोळ होतो.

लिनक्समध्ये हुबेहूब हेच होत होतं. चार कोरचा प्रोसेसर असेल तर त्यांना क्रमांक असतात, ० ते ३. कॉम्प्युटर सुरू होताना पहिला जागा होतो तो शून्य क्रमांकाचा. स्लीपमध्ये जाताना बाकीचे कोर आधी एकेक करून 'ऑफलाइन' केले जातात आणि उठल्यावर पुन्हा 'ऑनलाइन' आणले जातात. ते ऑनलाइन आले की कर्नलमध्ये सूचना फिरते आणि त्या सूचनेबरोबर वहीचा पत्ता पुन्हा लिहिला जातो. शून्य क्रमांकाचा कोर मात्र कधी ऑफलाइन जातच नाही. सगळ्यांना झोपवून शेवटी तो स्वतः झोपतो आणि पहिला उठतो. त्यामुळे त्याच्यासाठी ती सूचना फिरतच नव्हती.

निकाल असा : एक ते तीन क्रमांकाच्या कोरकडे वहीचा बरोबर पत्ता, आणि शून्य क्रमांकाच्या कोरकडे पत्त्याच्या जागी शून्य.

शून्य पत्ता इतका धोकादायक का?

मेमरीत शून्य पत्त्यावर सहसा मुद्दामच काही ठेवत नाहीत. 'पत्ता भरायचा राहिला' ही प्रोग्रॅमिंगमधली अगदी नेहमीची चूक आहे. अशा वेळी चुकून दुसऱ्या कुणाची माहिती वाचली किंवा खराब केली जाऊ नये, म्हणून ती जागा रिकामी सोडतात. तिथे कुणी गेलं की लगेच धोक्याची घंटा वाजते.

साध्या ॲपने असं केलं तर ॲप बंद पडतं. इथे मात्र खुद्द प्रोसेसर कर्नलच्या वतीने वही शोधायला शून्य पत्त्यावर जात होता. घंटा थेट कर्नलमध्येच वाजली आणि सिस्टिम कोसळली.

हा बग पकडणं अवघड का होतं, हेही यातून कळतं. क्रॅश व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागत. एक, मशीन स्लीपमधून उठलेलं असावं. दोन, त्यानंतर कुणीतरी पेब्स वापरून मोजणी सुरू करावी. तीन, मोजला जाणारा प्रोग्रॅम नेमका शून्य क्रमांकाच्या कोरवर चालावा. यातली एक गोष्ट नसेल तर सगळं सुरळीत. सर्व्हर सहसा झोपत नाहीत, म्हणून तिथे हा बग दिसणं कठीण. घरी लॅपटॉप झोपवणारे बहुतेक लोक पर्फ वापरत नाहीत, म्हणून तिथेही तो दिसत नाही. जे डेव्हलपर लॅपटॉपवरच कर्नल किंवा मोठे प्रोग्रॅम तपासतात, त्यांच्याच वाट्याला तो यायचा. आणि क्रॅशनंतर मशीन रीस्टार्ट केलं की पत्ता पुन्हा नीट लिहिला जायचा, बग गायब!

'बंद करून चालू करा, होईल नीट' हा सल्ला इथे तंतोतंत लागू पडत होता. पण त्याने बग दुरुस्त होत नव्हता, फक्त लपत होता.

दुरुस्ती कशी झाली?

मार्च २०१३ मध्ये स्टेफान एरानियान यांनी यावरची दुरुस्ती लिहिली. ते गूगलमध्ये इंजिनियर होते आणि प्रोसेसरच्या या मीटरवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. त्यांचा उपाय साधा होता. कोर ऑनलाइन येण्याच्या सूचनेवर विसंबून राहायचं नाही. मशीन झोपेतून उठताना प्रोसेसरची स्थिती पूर्ववत करणारा जो कोड असतो, त्यातच एक पाऊल वाढवायचं : वहीचा पत्ता पुन्हा लिही. हा कोड शून्य क्रमांकाच्या कोरवरही चालतो. बाकीच्या कोरवर पत्ता दोनदा लिहिला जाईल, पण त्याने काही बिघडत नाही, हेही त्यांनी दुरुस्तीसोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं.

गाळ्याच्या भाषेत सांगायचं तर, 'हजेरी लागली की वही' हा नियम तसाच ठेवला आणि सोबत 'शटर उघडलं की उघडणाऱ्याने आपली वही घ्यायची' हा नियम जोडला.

क्रॅश थांबला. पण गोष्ट इथे संपली नाही. दुरुस्ती लावल्यावर लॅपटॉप झोपेतून उठताना कर्नल एक नवीच चेतावणी दाखवू लागला. कारण शोधल्यावर कळलं की पत्ता लिहिण्यासाठी जे तयार फंक्शन वापरलं होतं, ते मुळात 'अमुक क्रमांकाच्या कोरला निरोप पाठव आणि त्याच्याकडून लिहून घे' अशा पद्धतीचं होतं. झोपेतून उठण्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षणी असे निरोप पाठवायला परवानगी नसते, कारण बाकीचे कोर अजून जागेच झालेले नसतात. इथे कोर स्वतःलाच निरोप पाठवत होता, म्हणून काम होत होतं. पण ते नियमात बसत नव्हतं.

त्याच मार्च महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः दुसरी छोटी दुरुस्ती लिहिली. निरोपाची भानगड काढून टाकली आणि कोरने आपला पत्ता थेट आपणच लिहायचा, असं केलं. काम होतंय ना, मग चेतावणीकडे कशाला बघायचं, असा विचार त्यांनी केला नाही. दोन्ही दुरुस्त्या एप्रिल २०१३ अखेरीस आलेल्या लिनक्स ३.९ मध्ये पोहोचल्या.

पण हे तर मोजमापाचं साधन. सामान्य माणसाला काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि त्याचा पुरावा त्याच काळात मिळाला. एप्रिल २०१३ मध्ये पर्फच्याच कोडमध्ये दुसरी एक चूक सापडली. वापरणाऱ्याने दिलेला एक आकडा ६४ बिटचा असायचा, पण कर्नल तपासताना त्याचा अर्धाच भाग बघत होता. त्यामुळे चलाखीने निवडलेला आकडा तपासणीतून निसटायचा आणि कर्नल भलत्याच जागेतल्या मेमरीला हात लावायचा. कर्नलला मुद्दाम उलटसुलट, वेडेवाकडे आकडे देऊन बघणाऱ्या 'ट्रिनिटी' नावाच्या प्रोग्रॅममुळे ही चूक उघड झाली. टॉमी रंटाला यांनी ती दुरुस्त केली.

वरवर पाहता हीसुद्धा एक क्रॅशच होती. पण मे २०१३ मध्ये या चुकीचा गैरवापर करणारा कोड उघडपणे फिरू लागला. तो चालवून मशीनवरचा साधा वापरकर्ता सरळ मालक बनू शकत होता, म्हणजे पासवर्ड न देता सगळे अधिकार त्याच्या हातात. सीव्हीई-२०१३-२०९४ या क्रमांकाने ही चूक नोंदली गेली. २.६.३७ ते ३.८.८ एवढ्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, ती तशीच पडून होती.

पुढे अमेरिकेतल्या मेन विद्यापीठातले विन्स वीव्हर यांनी खास पर्फसाठीच असा वेडेवाकडे आकडे देणारा तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. त्यातून आणखी अनेक बग बाहेर आले.

कर्नलमधली एक चूक किती महाग पडते, हे मुंबईने तर डोळ्यांनी पाहिलंय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. मुंबई विमानतळावर विमान कंपन्यांना प्रवाशांचं चेक-इन हाताने करावं लागलं. तिथेही मूळ चूक याच जातीची होती. कर्नलमध्ये चालणारा कोड २० माहितीचे तुकडे पुरवत होता, नवी फाइल मात्र एकविसावा तुकडा मागत होती. तो वाचायला कोड नसलेल्या जागेत गेला आणि सिस्टिम बसली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी गेलेलं अपडेट १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतलं गेलं. पण तोवर बंद पडलेली बहुतेक मशीन माणसांनी एकेक करून हाताने सुरू करावी लागली.

तुमचा लॅपटॉप असा कोसळला तर काय कराल?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अनेकदा पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारूया'चा. त्याआधी या गोष्टी करून बघा.

*स्क्रीनचा फोटो काढा.* विंडोजच्या क्रॅश स्क्रीनवर किंवा लिनक्सच्या संदेशात चुकीचं नाव किंवा कोड लिहिलेला असतो. दुरुस्तीचा खरा धागा तोच. रीस्टार्ट झाल्यावर तो सापडणं कठीण जातं.

*आधी काय घडलं ते लिहून ठेवा.* लॅपटॉप स्लीपमधून उठला होता का? चार्जर काढला होता का? नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं का? 'मध्येच बंद पडतो' आणि 'स्लीपमधून उठल्यावर अमुक ॲप उघडलं की बंद पडतो' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरचा बग दुसऱ्या प्रकारच्या माहितीमुळेच सोडवता येतो.

*अपडेट घ्या आणि मग रीस्टार्ट करा.* हे फार जण विसरतात. कर्नलचं अपडेट डाउनलोड झालं तरी सहसा रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल चालत राहतो. महिनोन्महिने फक्त स्क्रीन मिटून उघडणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये दुरुस्ती येऊन पडलेली असते, पण लागू झालेली नसते. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रीस्टार्ट करा.

*सगळा दोष सॉफ्टवेअरला देऊ नका.* खराब रॅम, भरून आलेली डिस्क किंवा जास्त तापणं यामुळेही सिस्टिम कोसळते. दर वेळी वेगळाच संदेश येत असेल तर आधी रॅम तपासून घ्या.

*महत्त्वाच्या फाइल्सची दुसरी प्रत ठेवा.* कर्नल थांबतो तेव्हा सेव्ह न केलेलं काम परत मिळेलच असं नाही.

विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

वसईचं विद्यावर्धिनी असो की विरारचं विवा, मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनियरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायक्रोप्रोसेसर हे विषय असतात. रजिस्टर, इंटरप्ट, मेमरीचा पत्ता ही परीक्षेसाठी पाठ केलेली व्याख्या वाटते. या बगमध्ये त्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात आणि त्यातली एक विसरली तर काय होतं तेही दिसतं.

आणि लिनक्सचं एक बरं आहे. त्याचा सगळा कोड, प्रत्येक दुरुस्ती, ती कुणी लिहिली, बग कुणी कळवला, ती तपासून कुणी पाहिली, हे सगळं कुणालाही फुकट वाचता येतं. त्या नोंदींमध्ये कोड लिहिणाऱ्यांच्या जोडीला बग कळवणाऱ्यांचीही नावं मानाने असतात. त्यासाठी मोठ्या कंपनीत नोकरी लागत नाही. एक जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि 'हे कधी कधीच का होतं?' हा प्रश्न सोडून न देण्याची चिकाटी, एवढ्यावर नालासोपाऱ्यातल्या एखाद्या खोलीतूनही सुरुवात करता येते.